पानिपत : रणांगणापलीकडचे गाव

(आपला देश, आपली गावे)

मराठीत पानिपत हे नाव गावाचे म्हणून क्वचितच उच्चारले जाते. कुणाचा धंदा बुडाला, निवडणुकीत एखाद्या पक्षाची धूळधाण उडाली, परीक्षेत चिरंजीवांनी सगळेच विषय गमावले, की आपण सहज म्हणून जातो, 'पानिपत झाले!' दिल्लीतील एखाद्या हिंदी भाषिक गृहिणीपाशी मात्र हेच नाव काढून पाहावे. तिला आठवते ती हिवाळ्यातील ऊबदार कांबळी, बैठकीवरची सतरंजी आणि पचरंगा लोणच्याची बरणी. भाषांतराचे काम करणाऱ्यास ही अडचण नेहमीची आहे. शब्द एकच, परंतु एका भाषेत तो विलाप असतो आणि दुसऱ्या भाषेत बाजारहाट.

दिल्लीस येणारी मराठी मंडळी कुतुबमिनार पाहतात, लाल किल्ला पाहतात, राजघाटावर फुले वाहतात. पुढे आग्रा, मथुरा, वृंदावन, फार तर हरिद्वार करून परतीच्या गाडीत बसतात. पानिपत दिल्लीच्या उत्तरेस अवघे ९० किलोमीटर असून आज ते राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडते. तरी तिकडे वाट वाकडी करणारे थोडे. जे जातात तेही बहुधा काळ्या आंब्यापाशी हात जोडतात आणि जड मनाने तसेच माघारी वळतात. ते गाव पाहत नाहीत आणि गावात जेवत नाहीत. या दोन्ही गोष्टी अवश्य कराव्यात, असे या लेखात सुचवावयाचे आहे. त्यास कारणही आहे. ते ओघाने येईलच.

वाटेवर

दिल्लीहून पानिपतला नेणारा रस्ता म्हणजे पूर्वीचा ग्रँड ट्रंक रोड, आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४. हा रस्ता लक्षात घेतला की तीन निर्णायक लढाया याच परिसरात का झाल्या, याचा उलगडा होतो. उत्तरेस हिमालयाच्या पायथ्याची जंगले, दक्षिण-पश्चिमेस राजस्थानचे वाळवंट, आणि मधून पंजाबातून दिल्लीकडे येणारी सपाट, मोकळी, पाण्याची पट्टी. काबूल-लाहोराकडून दिल्लीवर येणाऱ्यास येथूनच यावे लागे आणि दिल्ली राखणाऱ्यास राजधानीच्या वेशीवर लढाई नको असेल तर दोन-चार मजला पुढे येऊन येथेच आडवे व्हावे लागे. सैन्ये या वाटेने येत, तसेच व्यापारीही येत. मोगल काळात अंतर मोजण्यासाठी उभारलेले विटांचे कोसमिनार या मार्गालगत अद्याप अधूनमधून दिसतात. मुलांना ते अवश्य दाखवावेत. मैलाच्या दगडाचे हे पणजोबा होत.

दिल्ली सोडताना यमुनेच्या अंगाला बुराडी लागते. आज तेथे दाट वस्ती आहे. याच घाटावर १० जानेवारी १७६० रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, दत्ताजी शिंदे पडले. येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. म्हणून १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई संक्रांतीस झाली, असे पुष्कळांस वाटते. परंतु इंग्रजी तारखांच्या हिशेबात संक्रांत सुमारे सत्तर वर्षांस एक दिवस पुढे सरकते. त्या काळी ती १० जानेवारीच्या सुमारास येत असे. संक्रांत दत्ताजींच्या वाट्याला आली. पानिपतचा दिवस त्यापुढील वर्षाच्या पौष शुद्ध अष्टमीचा, बुधवारचा.

दिल्लीपासून सुमारे ५० किलोमीटरवर, सोनिपत जिल्ह्यात, मुरथल लागते. पहाटे घर सोडलेले असल्यास न्याहरी येथेच करावी. ट्रकवाल्यांच्या विसाव्यासाठी सुरू झालेले येथील ढाबे आता प्रशस्त भोजनालये झाली आहेत व रात्रंदिवस उघडी असतात. येथील पराठा तव्यावर तेलात तळलेला नसतो. तो तंदुरात भाजतात. आत बटाटा, कांदा, मुळा, फुलकोबी किंवा पनीर भरलेले असते आणि वर पांढऱ्या लोण्याचा गोळा ठेवलेला असतो. सोबत दही आणि लोणचे. आपल्याकडे थालीपिठावर लोणी घेण्याची रीत असल्याने मराठी जिभेस हे परके वाटत नाही. फक्त लोण्याचा आकार पाहून आपण दचकतो! मोठ्या माणसास एक पराठा पुरतो. पुढे पानिपतात जेवावयाचे आहे, हे ध्यानी ठेवून येथे हात आवरता घ्यावा.

गावात

पानिपत फार जुने आहे. पांडवांनी दुर्योधनाकडे जी पाच गावे मागितली त्यांत पानिपत, सोनिपत आणि बागपत ही होती, अशी या भागातील परंपरा आहे. जुने गाव उंचवट्यावर वसले असून तेथील गल्ल्या अरुंद व चढउताराच्या आहेत. नवे शहर महामार्गाच्या दोन्ही अंगांस पसरले आहे, आणि त्यात यंत्रमागांचा खडखडाट, मालमोटारींची गर्दी व धूळ विपुल आहे. पर्यटकांसाठी सजविलेले हे नगर नव्हे. ते आपल्या कामात गढलेले आहे आणि त्या कामातच त्याचे दर्शन घ्यावयाचे आहे.

प्रथम काबुली बाग मशीद पाहावी. २१ एप्रिल १५२६ रोजी बाबराने इब्राहिम लोदीचा पराभव केला, आणि दुसऱ्याच वर्षी, १५२७ मध्ये, ही मशीद बांधविली. भारतातील मोगल वास्तुकलेच्या अगदी आरंभीच्या इमारतींपैकी ही एक होय. ताजमहाल डोळ्यांत साठवून येणाऱ्यास ती साधी वाटेल. विटांच्या भिंती, जाडजूड कमानी, लाल दगडाचा वापर केलेले प्रवेशद्वार. पण शंभर वर्षांनी जे वैभव यमुनाकाठी उभे राहिले त्याची ही पहिली मुळाक्षरे आहेत, हे मनात धरून पाहिल्यास तिचे मोल कळते.

पराभूत सुलतानाची कबर तेथून फार दूर नाही. इब्राहिम लोदी रणांगणावर मारला गेला. त्याच्या कबरीवर घुमट नाही की छत्री नाही. पायऱ्या चढून जावे असा विटांचा एक चौथरा, त्यावर उघडी कबर, आणि १८६६ मध्ये इंग्रज सरकारने डागडुजी केली त्या वेळचा उर्दू शिलालेख, इतकेच. जेत्याची मशीद आणि जिताची कबर एकाच गावात पाहावयास मिळावी, हा योग सहसा येत नाही. दुसरी लढाई ५ नोव्हेंबर १५५६ ची. तीत डोळ्यात बाण लागून हेमू पडला आणि बालवयीन अकबराचे राज्य स्थिरावले.

गावाच्या अंतर्भागात बू अली शाह कलंदर यांचा दर्गा आहे. हे सूफी संत १३२४ मध्ये निवर्तले. म्हणजे पानिपतच्या तिन्ही लढायांहून हे स्थान जुने आहे आणि त्या तिन्ही लढाया ओलांडून ते गजबजलेले राहिले आहे. गुरुवारी येथे सर्व धर्मांचे लोक येतात. आत जाताना पादत्राणे बाहेर काढावीत आणि डोके झाकावे. दर्ग्याच्या आवारातच उर्दू कवी अल्ताफ हुसेन 'हाली' यांची कबर आहे. हालींचा जन्म १८३७ मध्ये पानिपतातच झाला आणि १९१४ मध्ये येथेच ते वारले. त्याच १९१४ साली त्यांच्या घराण्यात जन्मलेले ख्वाजा अहमद अब्बास पुढे मुंबईस आले आणि पत्रकार व चित्रपटलेखक म्हणून तेथेच आयुष्यभर राहिले. 'आवारा' आणि 'श्री ४२०' पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या लेखकाचे मूळ गाव पानिपत, हे बहुधा ठाऊक नसते.

देवी तलावाकाठचे देवीमंदिरही पाहण्यासारखे आहे. तेथील शिवालय लढाईनंतर मागे राहिलेल्या मंगळ रघुनाथ नावाच्या मराठ्याने बांधले, असे गावात सांगतात.

काळा आंबा आणि भुकेचे दिवस

शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर काळा आंबा हे ठिकाण आहे. सदाशिवरावभाऊंनी जेथून युद्धाची सूत्रे हलविली ती हीच जागा, असे परंपरा सांगते. येथे आंब्याचा एक मोठा वृक्ष होता. रक्ताने भूमी भिजली आणि झाड काळे पडले, अशी लोककथा आहे. वृक्ष पुढे वठला. त्याच्या लाकडाची दारे करविण्यात आली, असे सांगतात. त्या जागी आता विटांचा एक स्तंभ असून भोवती लोखंडी कठडा आणि उद्यान आहे. दरवर्षी १४ जानेवारीस महाराष्ट्रातून लोक येथे येतात. हरियाणातील रोड समाजाचे लोकही मोठ्या संख्येने जमतात. आपले पूर्वज या युद्धातून मागे राहिलेले मराठे होते, असे त्यांच्यातील अनेकजण सांगतात. इतिहासकारांचे याविषयी एकमत नाही. तथापि मराठी पाहुणा भेटला की त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो त्याला पुराव्याची गरज पडत नाही.

पानिपतच्या युद्धाविषयी मराठीत उदंड लिहिले गेले आहे. त्र्यं. शं. शेजवलकर यांच्यासारख्या संशोधकांनी त्याची चिकित्सा केली आणि विश्वास पाटील यांच्या १९८८ च्या कादंबरीने ते घरोघर पोहोचविले. व्यूह कोणता होता, कोण चुकले, कोण पळाले, याची चर्चा आजही रंगते. परंतु त्या स्तंभापाशी उभे राहिल्यावर एक साधी गोष्ट मनात येते. या माणसांच्या पोटात अन्न नव्हते.

ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी पानिपतच्या उत्तरेस असलेले कुंजपुरा घेतले, तेव्हा धान्याचा मोठा साठा हाती लागला होता. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला व दिल्लीची वाट बंद झाली. नोव्हेंबरच्या आरंभी मराठ्यांची छावणी पानिपतास पडली आणि अडीच महिने तेथेच राहिली. छावणीत लढवय्यांहून बुणगे अधिक होते. बायकामुले, यात्रेकरू, कारागीर, व्यापारी, हुजरे, या सर्वांना रोज दोन घास लागत. पतियाळ्याच्या आलासिंग जाटाकडून काही काळ रसद येत राहिली. पुढे तीही आटली. अंतर्वेदीतून शत्रूची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. उत्तरेची थंडी, अंगावर दख्खनी कपडे, आणि जनावरे चाऱ्यावाचून मरून पडलेली, अशी अवस्था झाली.

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने फारसी भाषेत या युद्धाचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. शेवटच्या दिवसांत सरदार भाऊसाहेबांकडे आले. दोन दिवस कोणाच्या पोटात काही नाही, असे झुरून मरण्यापेक्षा एकदा शत्रूवर तुटून पडू, मग व्हावयाचे ते होवो, असे त्यांनी सांगितले, असे तो लिहितो. तेव्हा उरलेसुरले धान्य वाटून टाकावे आणि सर्वांनी एक वेळ पोटभर जेवावे, असे ठरले. दुसरे दिवशी सूर्योदयापूर्वी सैन्य बाहेर पडले. त्या संध्याकाळी काय उरले, हे मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेल्या पत्राने पेशव्यांना कळविले गेले. ते पत्र प्रत्येक मराठी मुलास पाठ असते.

या कथेचा पुढचा भाग मात्र आपण मुलांना क्वचित सांगतो. जे वाचले ते हाल सोसत दक्षिणेकडे निघाले आणि भरतपूरच्या सूरजमल जाटाच्या मुलखात पोहोचले. या सूरजमलाचे भाऊसाहेबांशी बिनसले होते आणि लढाईपूर्वीच तो मराठ्यांना सोडून निघून गेला होता. तरीही त्याने आणि राणी किशोरीने या भुकेल्या, जखमी माणसांना अन्न दिले, वस्त्र दिले, औषधपाणी केले आणि पुढच्या वाटेची सोय करून दिली. पार्वतीबाई, नाना फडणीस, जखमी महादजी शिंदे असे कितीजण जिवंत परतले! त्याच महादजींनी दहा वर्षांत दिल्लीत पुन्हा मराठ्यांचा दबदबा बसविला आणि १७७२ च्या आरंभी बादशहा शाह आलमला त्याच्या तख्तापर्यंत आणून पोहोचविले. मराठ्यांचे उत्तरेतील पुढचे पर्व ज्यांनी उभारले त्या माणसांना तगविणारे पहिले घास शेजाऱ्याच्या घरचे होते. पानिपत हा शब्द वापरताना एवढे तरी आठवावे.

आणखी एक निर्वासन

काळ्या आंब्याहून परत शहरात यावे आणि बाजारातील दुकानांच्या पाट्या वाचाव्यात. तेथे आणखी एक पानिपत दिसते.

१९४७ पूर्वी या गावात मुसलमानांची वस्ती मोठी होती आणि त्यांत विणकर पुष्कळ होते. फाळणीच्या वणव्यात त्यांनी गाव सोडून जाऊ नये म्हणून गांधीजी १९४७ च्या नोव्हेंबरात आणि डिसेंबरात दोनदा पानिपतास आले. परंतु ते लोक राहू शकले नाहीत. त्यांच्या जागी पश्चिम पंजाबातील झंग, मुलतान, मियाँवाली इत्यादी भागांतून सर्वस्व गमावलेली हिंदू-शीख कुटुंबे आली. जाणारेही रडत गेले आणि येणारेही रडत आले. ज्या भूमीवर एकदा लष्करांचा निकाल लागला तेथे या वेळी साध्या संसारांचा लागला.

मग या लोकांनी काय केले? हातमाग उभे केले. आलेल्यांत विणकर होतेच. ते खेस विणू लागले, पंजा नावाच्या धातूच्या फणीने बाणा ठोकून घट्ट सतरंज्या विणू लागले. आज पानिपत हे चादरी, पडदे, सतरंज्या, पायपुसणी आणि कांबळी यांचे देशातील मोठे केंद्र असून तेथील माल परदेशी जातो. येथील एक धंदा तर आवर्जून पाहण्याजोगा आहे. परदेशांतून टाकून दिलेले जुने लोकरी कपडे गठ्ठ्यांनी येथे येतात. बटणे व अस्तर काढून त्यांचे रंगवार ढीग लावतात, चिंध्या करतात, त्या पिंजून त्यांचे पुन्हा सूत कातले जाते. कपडे आधीच रंगवार निवडलेले असल्यामुळे सूत नव्याने रंगवावे लागत नाही. या सुताची स्वस्त कांबळी विणतात. भूकंप, महापूर यांसारख्या आपत्तीत मदत म्हणून जी कांबळी वाटली जातात त्यांपैकी पुष्कळ या गावची असतात. ज्या मैदानावर आपली माणसे थंडीने काकडली तेथे आज संकटात सापडलेल्यांसाठी पांघरुणे विणली जातात, हे मुलांना येथेच उभे राहून सांगण्याजोगे आहे.

पचरंगा आणि इतर चवी

आता पानाकडे वळू. पानिपतचे नाव उत्तर भारतात ज्याने घरोघर नेले ते पचरंगा लोणचे मुळात पानिपतचे नव्हेच. मियाँवाली जिल्ह्यातील कालूरकोट येथे ते होत असे. फाळणीनंतर ते करणारे कुटुंब पानिपतास आले आणि त्यांनी येथे पुन्हा बरण्या मांडल्या. धंदा जमला. पाहता पाहता अनुकरण करणारे आले, आणि आता महामार्गालगत पचरंगा या नावाच्या इतक्या पाट्या आहेत की खरा कोणता, हे ओळखणे परगावच्या माणसास कठीण व्हावे. बरणी उघडून चव पाहू देणाऱ्या दुकानातून घ्यावे, हा साधा नियम पुरे.

या लोणच्यात कैरी असते, भिजवलेले हरभरे असतात, कमळाच्या देठांच्या जाळीदार चकत्या असतात; शिवाय लिंबू, आवळा, मिरची, करवंद यांपैकी काही, आणि करीलाच्या काटेरी झुडपाची डेला नावाची छोटी हिरवी फळे. सर्व काही मोहरीच्या तेलात बुडालेले. मसाल्यात बडीशेप, मेथी व कलौंजी यांचा वास वर येतो. आपले लोणचे मोहरीची डाळ, हिंग व वरून ओतलेली फोडणी यांवर उभे असते. हे तेलाच्या उग्रतेवर उभे आहे. पहिला घास किंचित झोंबतो, दुसरा आवडू लागतो. कमळाचे देठ दाताखाली कुरकुरतात, ती गंमत लहान मुलांस विशेष रुचते. भोकराचे लोणचेही येथे मिळते. त्यास 'लसोडा' म्हणतात. भोकरे घालण्याची रीत आपल्याकडेही जुनी असून अलीकडे विसरत चालली आहे, तेव्हा आजीबाईंसाठी एक लहान बरणी अवश्य न्यावी.

भोजनालयांत पंजाबी जेवण उत्तम मिळते : छोले-भटुरे, राजमा-चावल, तंदुरी रोटी आणि काळी डाळ. हिवाळा असेल तर सरसोंचा साग व मक्याची रोटी मागावी. परंतु या गावाचे अन्न दोन हातांचे आहे. एक हात पश्चिम पंजाबातून आलेल्यांचा, तर दुसरा मूळ हरियाणवी शेतकऱ्याचा. त्याच्या घरी बाजरीची खिचडी होते; भिजवून कुटलेली बाजरी आणि मूग मंद आचेवर तासन्‌तास शिजवून वर तूप घालतात. बाजरीची भाकरी खाऊन वाढलेल्या देशावरील माणसास ही खिचडी आपल्याच घरची वाटावी. बथुआ, म्हणजे आपल्याकडील चाकवताच्या जवळची पालेभाजी, उकडून दह्यात कालवतात, त्यास 'बथुए का रायता' म्हणतात. शेतात आपोआप उगवणाऱ्या कचरी नावाच्या लहान आंबूस फळाची चटणी लसूण-मिरची घालून वाटतात. जेवणानंतर ताक किंवा लस्सी.

मुलतान-झंगकडील घरांत एक पदार्थ होतो, तो दुकानात सहसा मिळत नाही. त्याचे नाव डोली की रोटी. मसाल्यांच्या पाण्यात खमीर धरून त्यात कणीक भिजवतात, आत हरभऱ्याच्या डाळीचे सारण भरतात आणि पोळी तळतात. ती दोन-तीन दिवस टिकते आणि शीतलेच्या पूजेस आदल्या दिवशी करून ठेवतात. शीतला सप्तमीस चूल न पेटवता शिळे खाण्याची चाल आपल्याकडेही आहे. शेकडो कोसांच्या अंतरावर दोन प्रांतांतील बायका एकाच देवीसाठी आदल्या रात्री स्वयंपाक करीत आल्या, याचे कौतुक वाटते. पानिपतात एखाद्या घरी ओळख असेल तर या रोटीची चौकशी जरूर करावी.

गोड खाणाऱ्यांनी गोहान्याचा जिलेबा लक्षात ठेवावा. पानिपत-रोहतक मार्गावरील गोहाना येथे एकेक जिलेबी पावशेर वजनाची, तुपात तळलेली मिळते. तेवढ्यासाठी वाट वाकडी करण्याचा उत्साह नसल्यास हिवाळ्यात मिळणारी गजक व रेवडी घ्यावी. तीळ-गुळाचेच हे उत्तरेकडील भावंड.

जाणाऱ्यांसाठी

दिल्लीहून पानिपतास रेल्वेगाड्या पुष्कळ असून प्रवास सुमारे दीड तासाचा आहे. बसगाड्याही सतत सुटतात. एका दिवसात जाऊन-येऊन होते. सकाळी काबुली बाग मशीद, लोदीची कबर व दर्गा पाहावा. दुपारी गावातच जेवावे. नंतर पानिपत संग्रहालय पाहावे, कारण तेथे तिन्ही युद्धांची माहिती एकत्र मिळते. आणि ऊन उतरताना काळा आंबा गाठावा. सतरंज्या व लोणची यांची खरेदी शेवटी ठेवावी, म्हणजे ओझे वागवावे लागत नाही. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाट धुके असते व गाड्यांना उशीर होतो, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघावे आणि मुलांना लोकरी कपडे पुरेसे घालावेत. त्या थंडीत क्षणभर उभे राहिले की १७६१ च्या जानेवारीविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही.

पानिपतास जाऊन शोक करू नये, असे येथे म्हणावयाचे नाही. आपल्या पूर्वजांची माती जेथे मिसळली तेथे डोळे ओलावणे स्वाभाविकच आहे. परंतु गाव हे केवळ एका दिवसाचे नसते. १४ जानेवारी १७६१ नंतरही तेथे सकाळ झाली. पेरणी झाली, दर्ग्यात दिवे लागले, कवी जन्मले. १९४७ मध्ये सर्वस्व हरपलेली माणसे आली आणि मागावर बसली. आपल्या मुलांच्या हाती आपण पानिपतचा केवळ पराभव ठेवला, तर हरल्यानंतर माणसे काय करतात हे त्यांना कसे कळावे? जेवणाचा आग्रह धरला तो यासाठी. जेथे आपली माणसे उपाशी होती तेथे त्यांच्या वंशजांनी पानावर बसावे, तेथील लोकांनी वाढलेले पोटभर खावे, दोन शब्द बोलावे आणि निघताना पचरंगाची एक बरणी पिशवीत घालावी. घरी ती उघडली की मुले विचारतील, हे कुठले? तेव्हा पानिपतचे, असे सांगावे, आणि मग सारीच हकीगत सांगावी.